गुलमोहर पोखरला कुणी? इंदूरच्या एका झाडतपासनिसाचा अनुभव

इंदूरमध्ये झाड कापणारे ढिगानं मिळतात, झाड तपासणारा शोधावा लागतो. आम्हाला एक सापडला, म्हणून हे लिहितेय. एकटा मुलगा आहे. दुकान नाही, पाटी नाही, आणि नाव-नंबर कुठे टाकू नका असं त्यानंच बजावलंय, कारण पावसाळ्याच्या तोंडावर त्याला फोन उचलायलाही फुरसत नसते. राजेंद्र नगर-सुदामा नगर भागात दोन-चार बागवाल्या घरी विचारलंत तर पत्ता लागेल. काम कसं करतो, पैसे वसूल होतात का, आणि कुठे कमी पडतो, ते सांगते.

आमच्या फाटकाशी सासऱ्यांनी लावलेला गुलमोहर आहे. त्याची एक जाड फांदी शेजारच्यांच्या गाडीवर जाते. वर पूर्वेकडे एक वाळकी फांदी आहे, तिच्यात मूठ जेमतेम जाईल एवढं गोल भोक. थंडी संपली की तिथे सोनपाठ्या सुतारपक्ष्यांची जोडी येते. सोनेरी पाठ, लाल तुरा, आणि दुपारची झोप उडवणारी कर्कश थरथरती शीळ. नराचा माथा सबंध लाल, मादीचा पुढून काळा, त्यावर पांढरे ठिपके. इतकी वर्षं बघून आता हे मला चष्म्याशिवाय ओळखता येतं.

मागच्या वादळात गुलमोहराची एक फांदी रस्त्यावर आली आणि शेजारचे भाऊजी म्हणाले, “वहिनी, पावसाळ्याच्या आत काहीतरी बघा.” रास्त होतं. एका ठेकेदाराला बोलावलं. तो फाटकातूनच वर बघत म्हणाला, “कठफोड़वे ने अंदर से खोखला कर दिया है माताजी. ये तो गिरेगा.” चौदा हजार रुपये आणि लाकूड त्याचं. कापायचं नसेल तर भोकात सिमेंट भरून वरून डांबर लावून देतो म्हणाला, तीन हजार. परवानगीचं विचारलं तर “वो हम देख लेंगे.” मध्य प्रदेशात शहरातलं झाड, मग ते आपल्या अंगणातलं का असेना, परवानगीशिवाय तोडता येत नाही. त्यासाठी २००१ चा कायदा आहे. बँकेत सगळी नोकरी कागद तपासण्यात गेली, त्यामुळे “देख लेंगे” ऐकलं की मी चहासुद्धा विचारत नाही.

मग हा मुलगा आला. तपासणीचे अठराशे, छाटणी वेगळी. पिशवीत लाकडी हातोडा, लांब बारीक पात्याचं ड्रिल, टेप, खडू, भिंग, दुर्बीण, स्पिरिटची बाटली आणि जुना पेपर. त्याला वरचं भोक दाखवायला मी हात वर केला, तर तो खाली बसलेला. “काकू, आधी ह्या कुंड्या हलवू या का?”

क्रोटनच्या कुंड्यांमागे, बुंधा जिथे जमिनीत शिरतो तिथे, तळहाताएवढी एक टणक अळंबी होती. वरून लाखेचा हात दिलेल्या पाटासारखी तांबूस चकचकीत, कडेला पिवळट पांढरी किनार. त्यानं भिंग दिलं आणि खालची बाजू बघायला लावली. पांढरी, आणि तिच्यावर सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रं, अगदी दाटीनं. आजूबाजूच्या पेव्हरवर आणि क्रोटनच्या खालच्या पानांवर कोकोच्या रंगाची पूड बसली होती. ती धूळ समजून आमची बाई रोज झाडायची. ते ह्या अळंबीचे बीजाणू, तिच्या त्या छिद्रांतून गळलेले. “गॅनोडर्मा आहे,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच जरा गंभीर दिसला.

नाव मला नवीन नव्हतं. मध्ये एक काळ असा होता की कॉलनीतलं कुणी ना कुणी गॅनोडर्माची कॉफी आणि कॅप्सुला घेऊन दारात उभं असायचं. चीनमध्ये तिला लिंगझी म्हणतात, जपानमध्ये रेशी, आणि आपल्याकडे साखळीतल्या वरच्या माणसाला त्यातून मोटारसायकल मिळते. आमच्या ह्यांनी लगेच विचारलं, “मग ही विकता येईल का रे?” मुलगा हसला. ह्या गटात जाती पुष्कळ, नुसतं बघून नेमकी कुठली ते सांगता येत नाही, तोंडात घालू नका म्हणाला. ह्यांचा उत्साह तिथेच संपला.

पुढचा अर्धा तास मला अठराशे रुपयांच्या वर वाटला. बाहेर दिसते ती अळंबी म्हणजे बुरशीचं नुसतं फळ. खरी बुरशी लाकडाच्या आत, केसाहून बारीक तंतूंची, डोळ्यांना न दिसणारी. म्हणूनच फळ खरवडून काढलं, वर चुना-मोरचूद फासलं, तरी आत काही पोचत नाही. लाकडात मुख्यतः सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांना ताठ धरून ठेवणारं लिग्निन असतं. लिग्निन पचवणं फार थोड्या जिवांना जमतं, त्यात ह्या बुरशा पहिल्या. ते तोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, १९८३ मध्ये हाती लागलं तेही अशाच एका बुरशीतून. लिग्निन गेलं की लाकूड फिकट, मऊ, तंतूतंतू होतं. ही पांढरी कूज. दुसऱ्या प्रकारच्या बुरशा सेल्युलोज खातात आणि लिग्निन बरंचसं मागे ठेवतात. मग लाकूड तपकिरी होऊन चौकोनी भेगा पडतात आणि बोटांत चुरा होतो. ती तपकिरी कूज. आमची पांढरी.

हे त्यानं तोंडी नाही, दाखवून सांगितलं. खडूनं बुंध्याभोवती वीतवीत अंतरावर खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर हातोडा मारला. रस्त्याकडची बाजू टणटणीत वाजली, आतल्या अंगाला आवाज ढब्ब. मला डोळे मिटून ऐकायला सांगितलं, आणि खरंच, मलाही फरक कळला. मग ढब्ब आवाजाच्या जागी ड्रिल लावलं, खाली पेपर धरला. आधी पिवळसर कोरडे तासे पडले, मुठीला जोर लावावा लागत होता. टेपवरच्या दहा सेंटिमीटरच्या आसपास ड्रिल एकदम आत गेलं आणि पेपरवर पांढरट, ओलसर, दोऱ्यासारखा भुगा पडला. त्याला पावसात राहिलेल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. दोन्ही भुगे त्यानं पेपरावर शेजारी शेजारी ठेवले आणि ह्यांना हात लावून बघायला सांगितलं. ह्यानंतर आमच्या घरात सिमेंटचा विषय निघाला नाही.

वरच्या भोकाकडे तो शेवटी वळला, तेही दुर्बिणीतून आणि पाचेक मिनिटं. मी म्हटलं, आणि ह्या पक्ष्यांचं काय? त्यांनीच पोखरलंय म्हणतात.

इथे मला पक्ष्याची आणि बुरशीची तुलना करायलाच हवी, कारण ठेकेदारापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या नावावर टाकतात. दोघांचाही लाकडाशी संबंध आहे, पण सुतारपक्षी लाकूड खातच नाही. त्याला हव्या असतात मुंग्या, वाळवी, भुंगेऱ्यांच्या अळ्या. चोचीनं साल उचकटायची, ढलपी उडवायची आणि लांब चिकट जीभ फटीत घालून अळी ओढायची. त्या जिभेला आधार देणारी हाडं मागून कवटीला वळसा घालून वर जातात, इतकी लांब. पायांची बोटं दोन पुढे, दोन मागे, शेपटीची पिसं ताठ, त्यामुळे उभ्या बुंध्यावर टेकून तो दोन्ही बाजूंनी घाव घालू शकतो. घाव घालताना मेंदूला मार बसू नये म्हणून कवटीत गादी असते, असं आम्ही शाळेत शिकलो. २०२२ मध्ये बेल्जियमच्या अँटवर्प विद्यापीठातल्या संशोधकांनी ठोकतानाचं चित्रीकरण कमी वेगानं बघून ते खोडून काढलं. डोकं सबंध एकाच टणक हातोड्यासारखं चालतं, धक्का शोषत नाही. शोषला असता तर घावाचा जोरच गेला असता. मेंदू लहान असल्यानं निभावतं.

म्हणजे हत्यार जबरदस्त. तरीही आमच्या जोडीनं ती वाळकी फांदीच का निवडली? कारण तिच्यात बुरशी आधीच पोचली होती. ताज्या, टणक लाकडात घरट्याएवढी पोकळी खोदणं बहुतेक सुतारांना परवडत नाही. बाहेरून कवच धड, आतून गाभा सैल, अशी फांदी त्यांना हवी असते. आतला सैलपणा ठोकून कळत असणार, जसा त्या मुलाला कळला. बुरशीला त्या फांदीत वर्षं गेली असतील, पक्ष्यांना तेच काम पुढे न्यायला थोडे आठवडे लागतात. त्याच फांदीला खालच्या अंगानं आणखी एक लहान भोक आहे, ते तांबट पक्ष्याचं. तोही कुजलेल्या बारीक फांद्याच धरतो. ठेकेदाराच्या लेखी भोक पाडणारा प्रत्येक जण कठफोड़वा.

मी नंतर वाचलं, तेव्हा ही गोष्ट आणखी पुढे जाते असं कळलं. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या पाइनच्या जंगलात एक लहान सुतार आहे, तो मुद्दाम जिवंत झाडात घर खोदतो आणि त्याला त्यात अनेक वर्षंही लागतात. तिथल्या अभ्यासकांनी झाडांना स्वतः भोकं पाडली, काही जाळी लावून बंद केली, काही पक्ष्यांना मोकळी ठेवली. २०१६ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा की पक्षी ये-जा करत होते त्या भोकांमधल्या बुरशा पक्ष्यांच्या स्वतःच्या खोदकामातल्या बुरशांसारख्या झाल्या, बंद भोकांमधल्या झाल्या नाहीत. म्हणजे पक्ष्याच्या अंगावरून, चोचीवरून बुरशी जाते. तेव्हा सुतार अगदीच निर्दोष, असं मी म्हणणार नाही. भोकातून पाणी आणि बीजाणू आत जातात हेही खरं. पण हे मी त्या मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “काकू, ते वरच्या फांदीचं झालं. आपली भानगड खाली आहे.”

आणि खरा मुद्दा तोच आहे. पक्ष्याचं भोक वाळक्या फांदीच्या शेंड्याकडे आहे. ती मोडली तर कर्दळीच्या वाफ्यात पडेल, दोन कर्दळी जातील. बुरशी बसली आहे ती सगळ्या झाडाचा भार जिथे येतो तिथे. पक्षी दिवसभर ठोकतो, ओरडतो, ढलप्या खाली टाकतो, म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. बुरशी वर्षानुवर्षं एक शब्द न बोलता बुंधा रिकामा करते आणि बाहेर नुसतं फळ दाखवते, तेही कुंड्यांच्या मागे. आणि पक्षी मागे काहीतरी ठेवून जातो. सुतारांची पिल्लं उडाली की ते भोक मैना नाहीतर पोपट बळकावतात, त्यांना स्वतःला खोदता येत नाही. आमच्याकडे यंदा पोपटांनी सुतारांना घुसूच दिलं नाही. तीन दिवस नुसता कलकलाट.

बुरशीची बाजू घ्यायचीच तर एवढी घेते, की ती नसती तर मेलेलं लाकूड कुजलंच नसतं आणि ठेकेदाराला जंगलात चालायला वाट उरली नसती. माझ्या फाटकाशी तिनं हे काम करावं एवढीच माझी तक्रार आहे.

मग झाड पडणार का? इथे त्या मुलानं घाई केली नाही. झाडाचा गाभा तसाही मेलेला असतो, पाणी आणि अन्न वाहतं ते सालीलगतच्या भागातून, म्हणून पोकळ झाडंही हिरवीगार उभी राहतात. भिंत किती जाड उरली आहे ते बघायचं. ढोबळ हिशेब असा की त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश तरी धड लाकूड हवं. आमच्या बुंध्याची त्रिज्या अठ्ठावीस, भिंत सर्वांत पातळ जागी दहा. काठावर पास. त्यानं स्वतःहून सांगितलं की हा आकडा भरघोस नाही, पोकळी एका बाजूला सरकलेली आहे आणि गॅनोडर्मा मुळांत किती गेलाय ते ड्रिलनं दिसत नाही. सल्ला असा: शेजाऱ्यांकडची जड फांदी कमी करायची, शेंडा थोडा खाली आणायचा, वाळकी फांदी भोकासकट ठेवायची, दर पावसाळ्यानंतर पुन्हा ठोकून बघायचं. पाच-सात वर्षांत झाड काढावं लागेल, तोवर दुसरं लावून ठेवा, आणि ह्या जागेपासून लांब.

बुरशी आत शिरली कुठून, हेही त्यानं दाखवलं. काही वर्षांपूर्वी पाण्याच्या पाइपासाठी फाटकाशी चर खणला तेव्हा एक जाड मूळ सरळ कापलं गेलं होतं, आणि नंतर पेव्हर थेट बुंध्याला भिडवले. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर म्हणून आपण मिरवतो, मातीची एक इंचही जागा उघडी दिसली की हात शिवशिवतात. दिल्लीत हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी करायला सांगितलं होतं. आम्ही आमचे पेव्हर काढले. ते काढायचे वेगळे पैसे त्यानं घेतले नाहीत, माळ्यानं घेतले.

छाटणीच्या दिवशी मी खुर्ची टाकून बसले होते. त्याच्या माणसानं फांदी बुंध्याशी सपाट कापली नाही. जिथे फांदीच्या मुळाशी फुगीर कडं असतं, त्याच्या बाहेरून कापली. वर डांबरही लावू दिलं नाही, ह्यांनी डबा आणून ठेवला होता तरी. झाड जखम भरून काढत नाही, आतून भिंती घालून कूज कोंडून टाकतं. अमेरिकी वनसेवेतल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी पुष्कळ झाडं उभी चिरून बघून हे दाखवलं, १९७७ मध्ये त्याची मांडणी आली. कडं शाबूत राहिलं तर त्या भिंती नीट बसतात. डांबर लावल्यानं त्यांना काही मदत होत नाही.

आता तक्रारी. सांगितलेल्या दिवशी आलाच नाही, दुसऱ्या दिवशी आला, आणि फोन केला नाही. अहवाल म्हणजे वहीच्या कागदावर हातानं लिहिलेलं एक पान, व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवलेलं. आकृती सुरेख, अक्षर डॉक्टरचं. ड्रिलचं भोक हीसुद्धा झाडाला जखमच. ज्या भिंती घालून झाडानं कूज कोंडली त्याच आपण भेदतो. त्यानं दोनच जागी ड्रिल केलं आणि पातं स्पिरिटनं पुसलं, ते ठीक, पण हे आधी सांगायला हवं होतं. मी विचारल्यावर सांगितलं. सुई आत जाताना कागदावर आलेख काढणारं यंत्र असतं, ते त्याच्याकडे नाही. त्यामुळे “दहा सेंटिमीटर” हा त्याच्या मनगटाचा अंदाज आहे. मला पुरेसा वाटला, पण शाळेच्या मैदानातलं किंवा रस्त्यावरचं झाड असेल तर पुरेसा मानू नका. आणि झाडावर चढलेल्या पोराच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, नुसता गमछा. त्यावर मी दोघांनाही बोलले. दोरी मात्र चांगली होती, दोन जागी बांधलेली.

एकूण खर्च तपासणी धरून साडेसहा हजार. ठेकेदाराच्या निम्म्याहून कमी, आणि गुलमोहर उभा. एप्रिलअखेर फुललाही, शेजाऱ्यांकडच्या बाजूला कमी. भाऊजींनी गाडी पुन्हा सावलीत लावायला सुरुवात केली आहे, वरची फांदी गेल्यामुळे सावली थोडी सरकली म्हणून कुरकुरत.

ज्यांना झाड काढायचंच आहे आणि फक्त कुणीतरी “हो” म्हणायला हवंय, त्यांनी ह्याला बोलावू नये, तो वाद घालतो. बाकीच्यांनी होळीच्या सुमाराला फोन करावा, मे महिन्यात नंबर लागत नाही. नगर निगमाचा अर्ज तो भरून देत नाही, तो आपणच द्यायचा. आम्ही छाटणीसाठीही रीतसर दिला होता, सोबत त्याचा वहीचा कागद जोडला. तिथल्या बाबूंनी तो दोनदा उलटसुलट वाचला, “किसने लिखा है ये?” म्हणून विचारलं, आणि घेतला.